फॉरमॅट मारायच्या आधी

कोल्हापुरात कंप्युटर बिघडला की तीन सल्ले ठरलेल्या क्रमाने येतात. बंद करून चालू कर. नाही झालं? मग ते सॉफ्टवेअर काढ आणि परत टाक. तरी नाही? मग सरळ फॉरमॅट मार. नेमकं काय बिघडलंय हे सल्ला देणाऱ्याला कळायची गरजच पडत नाही, हा या तिन्ही सल्ल्यांचा मोठा गुण. पहिला सल्ला मी स्वतःही देतो, आणि बरेचदा तो लागू पडतो. तिसऱ्याबद्दल पुढे बोलू. माझं भांडण आहे ते मधल्याशी.

मी राजारामपुरीत घरीच पुस्तकांची अक्षरजुळणी करतो, आणि बरीच वर्षं माझं सगळं काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टिमवर, चालतं. आधी तिचा उबुंटू हा अवतार होता, आता डेबियन. असा माणूस गल्लीत एखादाच असतो. त्यामुळे लिनक्स टाकलेलं मशीन कुठंही रुसलं की ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. आणणाऱ्याने मधला सल्ला बहुधा आधीच पाळलेला असतो. "काढून परत टाकलं, तरी तसंच" हे वाक्य ऐकलं की मला बरं वाटतं. बिघाड कुठे नाही, हे तरी त्यातून कळलेलं असतं.

शिवाजी उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या एका तात्यांचं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि काचेच्या केबिनमध्ये एक कंप्युटर. त्यावर लिब्रे ऑफिस, कारण कोटेशन आणि चलनं करायला तेवढं पुरतं आणि लायसनची भानगड नाही. एके दिवशी त्यातला रायटर, म्हणजे पत्रं-कागद लिहायचा प्रोग्रॅम, उघडेना. सुरुवातीचं चित्र दिसायचं, पट्टी थोडी सरकायची आणि सगळं गायब. तात्यांच्या मुलाने सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. मला फोन आला तेव्हा पोरगा वैतागलेला होता. "काका, सगळं उपसून काढलं की. दिवसाचं नेट संपलं त्यात. पण आहे तिथंच आहे बघा."

आहे तिथंच असणार. त्याने काढला तो प्रोग्रॅम. प्रोग्रॅमने तात्यांच्या नावाने जे साठवून ठेवलं होतं त्याला हातही लागला नव्हता. लिनक्सवर प्रत्येक वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारे काही फोल्डर असतात आणि ते एरवी दिसत नाहीत. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की उगवतात. त्यातल्या 'कॉन्फिग' नावाच्या फोल्डरात लिब्रे ऑफिसचा फोल्डर, त्यात '4' नावाचा, आणि त्यात 'युजर'. (तो आकडा चौथ्या आवृत्तीच्या काळातला. मग पाचवी, सहावी, सातवी आवृत्ती आली, 2024 पासून तर आवृत्त्यांना वर्षावरून आकडे द्यायला लागले, पण फोल्डर चारवरच थांबलाय.) तात्यांचा प्रोग्रॅम दर वेळी नवाकोरा होऊन यायचा, हा जुना 'युजर' फोल्डर वाचायचा आणि त्यातल्याच कसल्यातरी बिघडलेल्या फाइलपाशी येऊन पडायचा.

मी फोनवर सांगितलं, त्या फोल्डरचं नाव बदल. 'युजर' आहे तिथं 'युजर-जुना' कर आणि रायटर उघड. उघडला. फोल्डर सापडला नाही की लिब्रे ऑफिस मुकाट्याने नवा तयार करतं. पोरगं खूश. म्हणालं, "मग तो जुना उडवू का?"

"उडवू नको," म्हटलं. कारण त्या जुन्या फोल्डरात निव्वळ कचरा नव्हता. 'वर्डबुक' नावाच्या उपफोल्डरात तात्यांनी एकेक करून शिकवलेले शब्द होते: कास्टिंगचे, बोअरिंगचे, गिऱ्हाइकांच्या कंपन्यांची नावं. 'ऑटोकॉर' मध्ये दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण पत्ता येण्याची सोय होती. 'टेम्प्लेट' मध्ये कोटेशनचा नमुना होता, वर गणपती आणि खाली जीएसटी क्रमांक असलेला. हे तीन उपफोल्डर जुन्यातून नव्यात आणले आणि बाकीचं तिथंच ठेवलं. पोराने तिसऱ्या सल्ल्याप्रमाणे फॉरमॅट मारला असता तर रायटर नक्की उघडला असता. तात्यांना मात्र कोटेशनचा नमुना पुन्हा पहिल्यापासून आखावा लागला असता, आणि तो का गेला हे कुणालाच सांगता आलं नसतं.

सॉफ्टवेअर स्वच्छ काढायचं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला तात्यांची केबिन आठवते. पुसण्याची ताकद सगळ्यांकडे असते. खरा प्रश्न कुठली फाइल कुणाची, हा आहे. प्रोग्रॅमची फाइल पुसली तर काही बिघडत नाही, ती जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरून परत येते. तुमची फाइल पुसली तर ती कुठूनच येत नाही. आणि गंमत अशी की बिघाड बहुतेक वेळा तुमच्याच फाइलींत असतो, कारण बदलत असतात त्या तुमच्याच. प्रोग्रॅम आला तसा पडून राहतो.

डेबियनच्या लोकांनी हा हिशेब फार लवकर मांडला. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या पोराने ऑगस्ट 1993 मध्ये डेबियनची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः, अशी दोघांची नावं जोडून प्रकल्पाचं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी डीपीकेजी आलं, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले गठ्ठे (पॅकेजं) मशीनवर लावणारा आणि काढणारा प्रोग्रॅम. आजही उबुंटूवर किंवा मिंट या दुसऱ्या लिनक्सवर तुम्ही जे टाकता, त्यातल्या बहुतेकाच्या तळाशी तेच राबत असतं. आपण ज्याला हुकूम सोडतो ते ॲप्ट त्याच्या वरच्या मजल्यावरचं, 1999 च्या डेबियन 2.1 मध्ये आलेलं. नेटवरून काय आणायचं आणि कशाबरोबर काय लागतं हे ॲप्ट ठरवतं. प्रत्यक्ष मांडामांड डीपीकेजी करतं.

आणि मांडताना लिहून ठेवतं. मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या कुणाच्या किती भेल्या आल्या हे वहीत उतरवल्याशिवाय माल आत घेत नाही, तसं हे प्रत्येक पॅकेजमागे एक यादी ठेवतं. कुठली फाइल कुठे ठेवली, सगळं त्यात. यादी साध्या मजकुरात असते, उघडून वाचता येते. 'डीपीकेजी' पुढे मोठा एल आणि पॅकेजचं नाव लिहिलं की त्या पॅकेजने काय काय आणलं ते दिसतं. मोठा एस आणि एखाद्या फाइलचं नाव लिहिलं की ती कुणी आणली ते दिसतं. मला हा दुसरा हुकूम जास्त आवडतो. एखाद्या अनोळखी फाइलकडे बोट दाखवून विचारायचं, ही कुणाची? उत्तर आलं तर मालक सापडला. 'असं काही सापडलं नाही' असं आलं, तर ती पॅकेजबरोबर आलेली नाही. तुम्ही ठेवलेली असेल, किंवा कुठल्यातरी प्रोग्रॅमने चालता चालता बनवलेली.

काढायच्या वेळी डीपीकेजी ही यादी घेऊन बसतं आणि एकेक नाव खोडत जातं. यादीत नाही त्याला हात लावत नाही. कधीकधी शेवटी एक सूचना येते: अमुक फोल्डर रिकामा नाही, म्हणून काढला नाही. लोक ती चूक समजून घाबरतात. मला ती सूचना फार सभ्य वाटते. आम्ही आमचं सामान उचललं, आत अजून कुणाचं तरी काहीतरी आहे, ते तुम्ही बघा.

ही सभ्यता कधीकधी अंगावरही येते. एक इंजिनिअरिंगचा मुलगा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अपाची हा वेबसाइट चालवणारा सर्व्हर चालवत होता. सेटिंगमध्ये इतक्या ठिकाणी हात घातला की काय कुठे बदललं ते त्यालाच कळेना. शेवटी त्याने 'ईटीसी' या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधला अपाचीचा सगळा फोल्डरच हाताने पुसला. विचार सरळ होता: आता काढतो, परत टाकतो, नव्या सेटिंग येतील. ॲप्ट रिमूव्ह केलं, ॲप्ट इन्स्टॉल केलं. सर्व्हर आला, पण सेटिंगच्या फाइली आल्याच नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याला वाटलं डेबियनमध्येच बग आहे.

बग नव्हता. 'ईटीसी' मधल्या अशा फाइलींना डीपीकेजी वेगळं मानतं. त्या पॅकेजबरोबर येतात खऱ्या, पण एकदा आल्या की वापरणाऱ्याच्या होतात, असा नियम आहे. म्हणून नुसतं रिमूव्ह केलं तर त्या जागेवरच राहतात. अपग्रेडच्या वेळी तुम्ही बदललेली फाइल समोर आली की डीपीकेजी थांबून विचारतं, तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. आणि तुम्ही ती फाइल पुसली असेल तर तेही ते लक्षात ठेवतं. मालकाने ठरवून काढली, आपण परत कशाला आणून ठेवायची? त्या मुलाचं इन्स्टॉल दर वेळी हा मान राखत होतं आणि तो बिचारा डोकं आपटत होता.

उपाय होता पर्ज. ॲप्ट पर्ज म्हटलं की सेटिंगच्या फाइली जातात आणि त्यांची आठवणही वहीतून जाते. मग टाकलं की सगळं कोरं येतं. पर्ज करायचं नसेल तर परत टाकताना 'फोर्स-कॉन्फमिस' हा पर्याय द्यायचा. नसलेल्या फाइली तेवढ्या आणून ठेव, असा त्याचा अर्थ. रिमूव्ह केलं पण पर्ज केलं नाही, अशी पॅकेजं डीपीकेजीच्या यादीत 'आरसी' अशा दोन अक्षरांनी दिसतात: काढलंय, पण सेटिंग शिल्लक आहेत. जुन्या मशीनवर अशी बरीच निघतात. जागा जवळपास काहीच खात नाहीत, त्यामुळे मी त्यांच्या मागे लागत नाही. हल्लीच्या ॲप्टला पर्ज करताना टिल्ड आणि सी असं अवतरणात दिलं की ती सगळी एका दमात जातात. टिल्ड म्हणजे लाटेसारखी रेघ, कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यात असते ती.

पर्जची लोकांना आता चटक लागलेली दिसते. जिथं तिथं 'पूर्ण काढायचं तर पर्ज करा' असं सांगितलं जातं. मारियाडीबीसारखा डेटाबेस पर्ज करताना मध्येच एक चौकट येते: डेटाबेसही काढून टाकायचे का? त्या चौकटीपाशी होयचा हात आवरायचा. पलीकडे दुकानाचा वर्षभराचा हिशेब असू शकतो. दुसऱ्या बाजूला, पर्ज म्हणजे सगळं गेलं असं मानणारेही चुकतात. तात्यांच्या पोराने लिब्रे ऑफिस पर्ज केलं असतं तरी रायटर तसाच पडला असता. पर्जची हद्द सिस्टिमपुरती. होम फोल्डरमध्ये शिरून कुणाची वस्तू उचलायचा अधिकार डेबियनच्या धोरणाने पॅकेजला दिलेलाच नाही. एका मशीनवर पाच जण काम करत असतील, तर एकाने प्रोग्रॅम काढला म्हणून बाकी चौघांच्या सेटिंग पुसायच्या का?

काढताना दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे काढणाऱ्याबरोबर कोण कोण चाललंय. एक प्रोग्रॅम दहा लायब्रऱ्या, म्हणजे त्याला लागणारे सुटे भाग, घेऊन येतो. तो गेल्यावर त्या उगाच राहू नयेत म्हणून ऑटोरिमूव्ह आहे. ॲप्टला कुठलं पॅकेज तुम्ही मागितलं आणि कुठलं दुसऱ्याच्या मागून आलं हे माहीत असतं, मागून आलेलं आणि आता कुणाला नको असलेलं तेवढं ते काढतं. पण साखळी उलटीही चालते. पायथन-3 ही प्रोग्रॅमिंगची भाषा नको म्हणून काढायला गेलात तर त्यावर उभा असलेला अख्खा डेस्कटॉप त्याच्याबरोबर निघतो. ॲप्ट तसं स्पष्ट सांगतं, नावं मांडतं, वाय की एन विचारतं. वाचायची तसदी मात्र आपल्याला घ्यावी लागते. नोव्हेंबर 2021 मध्ये कॅनडातल्या एका नामवंत यूट्यूबरने पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. त्या वेळी पॅकेजांत गोंधळ होता आणि ॲप्ट म्हणालं, हे टाकायचं तर डेस्कटॉप काढावा लागेल. खरंच करायचं असेल तर 'मी सांगतो तसं कर' या अर्थाचं अख्खं वाक्य टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी तो व्हिडिओ बघितला, हसले, भांडले, आणि त्यानंतर ॲप्टने ते वाक्य टाइप करून सुटायची वाटच बंद केली. मला त्यात यूट्यूबरपेक्षा ॲप्टची जास्त दया आली. बिचाऱ्याने सगळं लिहून दाखवलं होतं.

एप्रिल-मे महिन्यांत इथं वळीव येतो तेव्हा आधी लाईट जाते आणि मग पाऊस पडतो. अपग्रेड चालू असताना लाईट गेली की बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, आता सगळं गेलं म्हणून. जात नाही. प्रत्येक पॅकेज कुठल्या पायरीवर होतं, नुसतं उलगडलेलं, अर्धवट मांडलेलं की पुरतं लागलेलं, हे वहीत उतरलेलं असतं. लाईट आली की ॲप्ट स्वतःच सांगतं, मधेच काम तुटलंय, 'डीपीकेजी कॉन्फिगर' हा हुकूम द्या. दिला की तुटलं तिथून पुढे चालू. अशा वेळी घाबरून काढून परत टाकायला गेलं तर उलट गुंता वाढतो.

विंडोजवर हे सगळं का नाही, असं भाचा विचारतो. तिथं सुरुवातच वेगळी झाली. विंडोज 95 ने कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम काढायची एक खिडकी दिली, पण प्रत्यक्ष काढायचं काम प्रोग्रॅम बनवणाऱ्यानेच लिहून दिलेलं असायचं. त्याची नियत चांगली तर सफाई चांगली. 1999 मध्ये ऑफिस 2000 बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचा इन्स्टॉलर आणला आणि थोडी शिस्त आली, पण ती सगळ्यांनी पाळली असं झालं नाही. म्हणून प्रोग्रॅम फाइल्समधून गेलेली गोष्ट ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात राहते, रजिस्ट्री नावाच्या सेटिंगच्या कोठारात राहते, आणि रजिस्ट्री साफ करायची तिसरीच सॉफ्टवेअरं येतात. त्यांच्यापासून मी लांब असतो आणि इतरांनाही ठेवतो. मालक कोण हे माहीत नसताना सफाई करणारा मला नको.

पण विंडोजचा खरा पेच मी छापखान्यांत बघितला, आणि तो विंडोजचाही नव्हे. आमच्या धंद्यात मराठी मजकूर कितीतरी वर्षं त्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये टाइप झाला. फाइलमध्ये देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, आणि तो फॉन्ट लावला की त्यांच्या जागी क, ख, ग दिसतात. फॉन्ट काढा, पानभर कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले कोड देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरी 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण छापखान्यांचा रोजचा कारभार पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर चालायचा आणि पेजमेकरला ती येत नव्हती. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, 2001 ची. त्यामुळे कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या छापखान्यात अजूनही कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचं मशीन असतं. मागे त्या फॉन्ट सॉफ्टवेअरचं लॉक (जे नसेल तर ते चालत नाही) खोचलेलं, नेटची वायर मुद्दाम काढलेली. एक्सपीचे अपडेट एप्रिल 2014 मध्येच थांबले. तरी ते काढता येत नाही, कारण कुणाच्या तरी आजोबांच्या आत्मचरित्राची दुसरी आवृत्ती त्यात अडकलेली आहे.

इथं माझा नियम लटका पडतो. प्रोग्रॅमचं आणि तुमचं वेगळं करा, असं मी सांगतो खरं. पण या फाइलींत ते वेगळं करताच येत नाही. मजकूर लेखकाचा, पण तो वाचायची किल्ली सॉफ्टवेअरवाल्याची. सॉफ्टवेअर काढलं की मजकूर जागेवर असूनही गेल्यात जमा. कन्व्हर्टर आहेत, मी ते वापरतो, आणि मग रफार, जोडाक्षरं आणि इकडे तिकडे उडालेल्या वेलांट्या हुडकत रात्री घालवतो. एखादा छापखानेवाला जुनं मशीन भंगारात काढतोय असं कळलं की मी आधी विचारतो, त्यातलं काय काय युनिकोडमध्ये आणलंत? उत्तर बहुधा "बघू की निवांत" असं असतं.

माझं म्हणणं मला स्वतःला पटलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतल्या एका झेरॉक्स आणि टायपिंगवाल्या मित्राच्या दुकानात पाणी काउंटरच्या वर होतं. ओसरल्यावर चिखल काढला, मशीन उन्हात ठेवलं, आणि ते काही चालू झालं नाही. नवीन मशीन आणलं. त्याच्या जुन्या मशीनवरच्या पॅकेजांची यादी माझ्या मेलमध्ये होती, कारण डीपीकेजी ती एका हुकुमात काढून देतं आणि मी ओळखीच्या प्रत्येक मशीनची काढून ठेवतो. ती यादी नव्या मशीनला दिली आणि संध्याकाळपर्यंत सगळी सॉफ्टवेअरं, मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर जसेच्या तसे हजर. मित्र बघत राहिला. मग म्हणाला, "आणि माझ्या फाइली?" त्यातल्या गडहिंग्लजला बहिणीकडे गेलेल्या पेनड्राइव्हवर होत्या तेवढ्या आल्या. लोकांचे अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सगळं पंचगंगेत.

जी गोष्ट पुन्हा आणणं सगळ्यात सोपं, तिच्यासाठीच माणसं सगळ्यात जास्त घाबरतात हे मी तेव्हा पाहिलं. "विंडोजची सीडी जपून ठेवलीय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होम फोल्डरची दुसरी प्रत आहे म्हणणारा क्वचित.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप अशी नव्या पद्धतीची पॅकेजं आली आणि हिशेब थोडा बदलला. फ्लॅटपॅक बरं, ते वापरणाऱ्याचा डेटा होममध्ये एका ठरलेल्या फोल्डरात ठेवतं आणि काढताना सांगितल्याशिवाय पुसत नाही. स्नॅपचं उलटं. उबुंटू 21.10 पासून फायरफॉक्स हा ब्राउझर स्नॅप म्हणून येतो. 22.04 पासून तर ॲप्टने मागितलं तरी हातात स्नॅपच पडतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वैनींनी फायरफॉक्स हळू चालतं म्हणून काढलं आणि परत टाकलं, आणि त्यांचे बुकमार्क, पासवर्ड सगळे गेले. स्नॅप काढलं की त्याचा डेटा होममधूनही जातो. पण जाता जाता स्नॅप एक प्रत बाजूला ठेवतं, एकतीस दिवस. 'स्नॅप सेव्ह्ड' म्हटलं की तिचा क्रमांक दिसतो, 'स्नॅप रिस्टोअर' आणि तो क्रमांक दिला की परत येतं. वैनींचं आलं. त्या मला म्हणाल्या, "अवो, मग हे आधीच सांगायला नको का त्यांनी?" सांगायला हवं होतं, याबाबत मी पूर्ण त्यांच्या बाजूचा आहे. डीपीकेजी जुनाट असेल, पण असा परस्पर होममध्ये हात घालत नाही.

आता तिसरा सल्ला. भाचा बावीस वर्षांचा, कळंब्याला राहतो, आणि त्याचा फॉरमॅटवर विश्वास आहे. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. एसएसडीवर लिनक्स नव्याने टाकायला अर्धा तास लागतो. फोटो गुगलकडे, कोड गिटवर, मेल वेबवर. "मामा, तुमी जेवढ्या वेळात लॉग वाचता, तेवढ्यात मी नवीन मारून मोकळा होतो." वेळेचा हिशेब केला तर तो बरोबर आहे, आणि ज्याचं मशीनवर काहीच नाही त्याने फॉरमॅट मारायला माझी काही हरकत नाही. माझा आक्षेप एवढाच की फॉरमॅटने बिघाड जातो आणि त्याचं कारणही त्याच्याबरोबर जातं. सहा महिन्यांनी तोच एक्स्टेन्शन, तीच सेटिंग पुन्हा येते आणि पुन्हा फॉरमॅट.

त्याच्यासाठी मी एक तडजोड करून दिली. होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला. म्हटलं, आता सिस्टिमचं मुळाचं पार्टिशन हवं तेव्हा उडव, होमला हात लावू नको, तुझं सगळं शाबूत राहील. तो खूश झाला. मग गेल्या पावसाळ्यात त्याचा डेस्कटॉप लॉगिन केल्यावर काळा पडायला लागला. त्याने नेहमीप्रमाणे नवीन लिनक्स मारलं. लॉगिन केलं. काळा. दुसऱ्या दिवशी दुसरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा अवतार, मारली, तोच डेस्कटॉपवाली. काळा. रात्री फोन आला. "मामा, हार्डवेअर गेलंय. फॉरमॅट मारून पण तेच येतंय."

"नवीन युजर कर," म्हटलं, "आणि त्याच्यातनं लॉगिन करून बघ."

केलं. डेस्कटॉप व्यवस्थित आला. म्हणजे मशीन ठीक, लिनक्स ठीक, आणि बिघाड त्याच्या स्वतःच्या होममध्ये. ते तर मीच त्याला फॉरमॅटपासून वाचवून दिलं होतं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे आता त्यातलं एकेक बघत बसायचं?"

रविवारी मशीन घेऊन ये म्हणून सांगितलं. कॉन्फिगमधले फोल्डर निम्मे बाजूला ठेवायचे, लॉगिन करून बघायचं. चाललं तर बिघाड बाजूला ठेवलेल्यांत, नाही तर राहिलेल्यांत, आणि पुन्हा त्यांचे निम्मे. दहा-बारा फोल्डर असतील तर तीन-चार फेऱ्यांत सापडतं. तो आला, पण येताना बहिणीचा लॅपटॉपही घेऊन आला. तिचं व्हीएलसी काढून परत टाकलं होतं आणि तरी आवाज येत नव्हता.